जाळ्याची गाठ

सहा वाजले तरी बाहेर शाईच.
वाल्दिव्हियात पाऊस थांबला की लोक दचकून वर बघतात;
आज कुणी दचकलं नाही.

लाकडं ओली. शेगडी आधी खोकली,
मग पेटली, रुसल्यासारखी.
वर टांगलेल्या मोज्यांपैकी एक वाळला,
दुसऱ्याची टाच करपली.
"मला करपलेलाच आधी," रायेन म्हणाली,
"त्याला पावाचा वास येतो."

मग केस.
तिची आई दवाखान्यात, रात्रपाळी अजून सुटायची,
आणि माझ्या बोटांना एकच गाठ येते,
जाळ्याची.
तीच घातली, निळ्या दोरीने.
"सुटेल का, बाबा?"
"साठ किलोच्या माशाने ओढली तरी नाही."
उरलेलं दूध तिने एका घोटात संपवलं.

नदीकाठी, बसथांब्याच्या छपराखाली,
नेमका आमच्या जागेवर समुद्रसिंह पसरलेला.
आम्ही बाहेर भिजत उभे.
डब्यात काय आहे ते तिने त्याला कळू दिलं नाही,
हे तिनेच मला सांगितलं, कानात.

बस आली. काचेवर वाफ, वाफेत एक पंजा.
ती वळणाआड गेली तरी माझा हात वरच.
तळव्याला एक लांब केस चिकटलेला, ओला.

मासळीबाजारात आज
बराच वेळ मी हातमोजा घातला नाही.