उपाशीपोटी

कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये सात ते तीन
मी लोकांचं रक्त काढते.
दंडाला पट्टा, मूठ आवळा, कापूस, दाबून धरा.
नळ्यांवर नावं चिकटवते,
वाचत नाही.
मार्चात एक वाचलं, कारण आडनाव माझंच होतं.
हेमराज काळूराम भोईर, वय एकतीस.
आदल्या दिवशी दुपारच्या पाळीत येऊन गेला होता भाऊ,
मला चुकवून.

गॅमा जीटी चारशे बारा.
पन्नासच्या आसपास थांबायला हवं.
नळी पुन्हा लावली.
मशीन चारशे बाराच म्हणालं.

आई म्हणाली, संगत.
काका म्हणाला, साडेबारा टक्क्यांतला प्लॉट विकला
तेव्हाच घर नासलं,
तुमच्या बापाने आधी भिंती प्यायल्या, मग दारं.
एकवीरेच्या पायरीवर नारळ हातात देऊन
हेमराजला शपथ घातली.
शपथ देवीपर्यंत पोचली असेल.
लिव्हरपर्यंत पोचत नाही.

मग त्याने एकदम सोडली.
घरीच, खोलीचं दार लावून.
आम्ही पेढे आणले.
पहिल्या दिवशी हात कापले,
दुसऱ्या दिवशी चादर पिळून निघाली,
तिसऱ्या रात्री म्हणाला, बाय, भिंतीवर मुंग्या.
भिंतीवर काही नव्हतं.
मी चप्पल घेऊन मारल्या तरी,
चार-पाच, त्याला दिसेल असा आवाज करून.
तेवढ्यात त्याचे डोळे वर गेले, दात बसले.

वाशीच्या डॉक्टरीणबाई रात्री दोनला माझ्यावर ओरडल्या.
लॅबमध्ये काम करता ना तुम्ही?
रोज पिणाऱ्याची अशी घरी, एका झटक्यात बंद करायची नसते.
पिऊन मरतो तसा माणूस
न पिऊनही मरतो.
मी मान खाली घातली. मला फक्त आकडे येत होते.

अकरा दिवस वॉर्ड, बी-वनची इंजेक्शनं,
घरी जाताना एक वाक्य:
हा आजार आहे, पुन्हा घसरेल कदाचित,
रागावू नका, घेऊन या.

सत्तर दिवस झाले.
त्याच्या पाण्याच्या बाटलीचा वास,
हेल्मेटचा, उशीचा,
झोपल्यावर तोंडाचा.
घेतल्याशिवाय मला झोप लागेना.

मग गोठीवलीला चुलतभावाची हळद.
आमच्यात हळद कोरडी नसते.
नको जाऊ म्हटलं नाही, जा म्हटलं नाही,
अकरापर्यंत गॅसची शेगडी घासत बसले.
तो आला. कपाळाला हळद, शर्टाला मटणाचा रस्सा.
मी पुढे झाले, नाक आधी.
त्याने ते पाहिलं.
काही बोलला नाही, बाही वर केली,
सकाळी घे रक्त, म्हणाला,
उपाशी राहतो.

एका रात्रीचं गॅमा सांगत नाही.
हे मला माहीत आहे,
त्याला नाही.

सांगायला हवं होतं.
साडेसहाला लॅबचं शटर अर्धंच उचललं,
वाकून आत गेलो दोघं.
पट्टा बांधला.
मूठ आवळ, म्हटलं.
त्याने आवळली आणि तोंड दुसरीकडे केलं,
शाळेत लस टोचायला यायचे तेव्हा करायचा तसं.