एक ते दहा

नंदुरबारच्या बाहेर, मिरचीच्या पथारीवर
शहाण्यानं तोंड उघडू नये,
उघडलं की ठसका.
आणि मला तर प्रश्न विचारायचे होते,
फॉर्ममागे अठरा रुपये, दिवसाला चाळीस फॉर्म,
गळ्यात ओळखपत्र, हातात कंपनीचा टॅब.

प्रश्न सातवा:
लोकशाही तुम्हाला किती मोलाची वाटते?
एक ते दहामध्ये सांगा.

ट्रेनिंगला धुळ्याचे सर म्हणाले होते,
हाच प्रश्न याच महिन्यात
बर्फातल्या लोकांना विचारतायत, वाळवंटातल्यांना,
जिथे राजा आहे तिथे, जिथे परवाच रणगाडे फिरले तिथे.
मग एक नकाशा निघेल,
कुठे गडद, कुठे फिकट.
आपला रंग चांगला यायला पाहिजे, असंही म्हणाले,
मग हसले, मग म्हणाले, तसं नव्हे.

राखणदार उखर्डू आप्पा, खाटेवरून न उठता: दहा.
माझा प्रश्न अजून अर्धाच वाचून झाला होता.
"कागद लिसन जो येस, त्याले दहाच सांगो.
कमी सांगं तं नाव कटी जास."
मी दहा दाबलं.

काट्याजवळ शेठचा मुलगा, पुण्याला शिकलेला:
दोन लिहा. खरं तर एक.
देशाला एक खमक्या माणूस पाहिजे, बाकी सगळा गोंगाट.
तेवढ्यात फोन आला. बाजार समितीचं पॅनल,
आठ मतं कमी पडत होती,
आठ माणसं देवदर्शनाला न्यायची होती.
तो उठून लांब गेला, हळू बोलायला लागला.
मी दोन दाबलं.

जेमाबाई वसावे देठ खुडत होती.
मनगटापर्यंत पेटलेले हात,
रात्री ताकात बुडवून ठेवते म्हणाली, तरी झोप नाही.
दहा म्हंजे किती? तिनं विचारलं.
किलो, का रुपये, का माणसं?
नुसते दहा, मी म्हणालो.
नुसते दहा तिला कळेनात.

मग मी समजावू लागलो,
निवडणूक, बहुमत,
जिकडे हात जास्त तिकडचं खरं.
ती म्हणाली, दिवाळीनंतर
मुकादमानं किलोमागे आठ आणे कापले.
आम्ही बत्तीस बाया लिंबाखाली बसलो.
काम बंद ठेवायचं, एकोणतीस जणी म्हणाल्या.
तिघी नाही म्हणाल्या. एकीचे दिवस भरलेले,
दोघींनी उचल घेतलेली.
मग?
मग काय, बसून राहिलो. कोंबडा आरवला तेव्हा
तिघींचं ओझं सगळ्यांवर वाटून झालं होतं.
पण तुम्ही तर आधीच जिंकला होतात, मी म्हणालो.
कुणाला? तिनं विचारलं.

मला वाटलं, सापडलं.
खिशातल्या वहीत लिहिलं:
डोंगरातली खरी लोकशाही, रात्रभर जागणारी.
सरांना आवडेल असं वाक्य.

तिला माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे.
म्हणाली, गावात पंच बसतात, तेही रात्रभर.
सगळ्यांचं एक होईपर्यंत उठत नाहीत.
सगळे म्हणजे पुरुष.
माझ्या बहिणीला डाकीण ठरवली,
तेव्हाही सगळ्यांचं एक झालं होतं.

खाली बघून दोन-चार देठ खुडले.
म्हणून मत टाकायला जाते, म्हणाली,
पिकअपमध्ये उभ्यानं, मोलगीच्याही पुढे,
दोन दिवसांची मजुरी बुडवून.
रस्ता अजून झाला नाही.
पण त्या पुठ्ठ्याच्या आड कुणी नसतं,
नवरा नाही, पंच नाही, मुकादम नाही.
बटण दाबलं की मशीन ओरडतं.
माझ्या बोटानं ओरडतं.

टॅबवर लाल अक्षरं: उत्तर अनिवार्य आहे.
तीन दाबू की नऊ?
मागच्या मतदानाला मी धुळ्यात होतो,
बूथबाहेर विचारत, कुणाला दिलं, कुणाला दिलं,
फॉर्ममागे वीस रुपये.
माझं नाव शहाद्याच्या यादीत,
यादीतच राहिलं.

नकळत डोळ्याला हात लागला. झालं.
जेमाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला
आणि पथारीवर पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं,
"तुनं किती शे, भाऊ?"

डोळे गळत होते.
ओल्या, लाल बोटाला
टॅब दाद देत नव्हता.