वायर ढिल्ली होती

हिंगोलीत रात्रीचे साडेनऊ, जेवणं उरकलेली.
टीव्हीला जोडलेल्या तळहाताएवढ्या बोर्डात
माझ्या शाळेच्या वयातले सगळे गेम.
बाबांच्या रिमोटावरचा गडी मात्र
एका जागी उभाच राहीना,
पुलाशी आला की खड्ड्यात.

मी स्क्रू काढले. ब्रशनं धूळ झाडली,
बटनांखालच्या रबरावर पेन्सिलीचं शिसं घासलं,
यूएसबीची वायरही बदलली.
गडी पुन्हा खड्ड्यात.
"चायनाचा माल," बाबा म्हणाले.
एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं
नुसत्या आवाजावरून गिअरबॉक्सचं दुखणं सांगायचे.

मग तपासणीचा पडदा उघडला.
रिमोट सतरंजीवर ठेवला: ठिपका मधोमध, गप्प.
माझ्या हातात: गप्प.
बाबांच्या हातात दिला
आणि ठिपका थरथरायला लागला
बशीतल्या चहासारखा.

मी काही बोललो नाही.
डेड झोन पाचावरून अठ्ठावीसवर नेला.
एवढं हललेलं मोजू नको, असं
यंत्राला सांगता येतं.

गडी थांबला. बाबांनी पहिल्यांदाच पूल ओलांडला.
"नीट झालं की रे! काय झालतं?"
"वायर ढिल्ली होती."

शनिवारी नांदेडला डॉक्टर कवठेकरांकडे
नंबर लावलाय,
ते अजून सांगायचंय.