सावकाश

पंखा बंद. खिडकी बंद.
मोबाईल बाहेर, चपलांच्या शेजारी.
आज टिळकवाडीत लाईट जाणार नाही
असं हेस्कॉमचा माणूस म्हणालाय,
म्हणजे तासाभराची खात्री.

पाच महिने झाले या थेंबाला.
जांबोटीच्या फणसाच्या आठळ्या
सोलल्या, मिक्सरवर वाटल्या, गाळल्या, पुन्हा गाळल्या,
उरलं त्यातला एक थेंब काचेला उलटा टांगला.
गणपती गेले, दसरा गेला,
थेंबात काही नाही.

आता तीन आहेत.
मिठाचे खडे वाटावेत असे. पण मीठ
सुईखाली कडकन फुटतं,
हे खरवसासारखे दबतात.
अर्धं अंग पाणीच त्यांचं;
उघड्यावर मिनिटभर राहिले तरी चिरतात.

काडीच्या टोकाला नायलॉनचा फास,
पापणीच्या केसाहून बारीक.
चिमटा नाही. पकडणं नाही.
कडेने फास खाली न्यायचा
आणि पाण्यासकट वर घ्यायचं,
पाण्याच्या पडद्यात तो आपणहून बसतो.
बसला तर.

पहिला तुटला.
माझ्या श्वासाने, की मनातल्या मनात मी आकडे मोजत होते त्याने.
मागे ईरण्णा, हातात उद्यमबागेतून आणलेल्या
नायट्रोजनचं धुरणारं भांडं.
म्हणाला, ‘सावकाश, मॅडम.’
हे तो कन्नडमध्ये म्हणाला की मराठीत
मला कळलं नाही.
शब्द दोन्हीकडे तोच आहे.

दुसऱ्याला ग्लिसरॉलमध्ये ठेवलं, दहापर्यंत मोजून.
नाहीतर पाण्याचा बर्फ होतो
आणि बर्फ आतून सगळं उसवतो.
गोठायचं, पण बर्फ व्हायचं नाही.
मग एका झटक्यात भांड्यात, थेट तळाकडे.
इथे सावकाश चालत नाही.
ईरण्णाही काही बोलला नाही.

तो आता इंदूरला जाईल.
क्ष-किरणांच्या वाटेत अंश-अंश वळेल,
ठिपके देईल, न देईल.
आठळीच्या आत कुठला रेणू कसा दुमडून बसलाय
ते त्या ठिपक्यांवरून मागे मागे जात काढायचं.
निम्म्या वेळा ठिपके येतच नाहीत.

घरी आई विचारते,
‘दिवसभर काय करूलैस गे तिथं?’
एक खडा उचलला, म्हटलं.
‘केवढा?’
दिसत नाही एवढा.
‘बरं. हात धू.’

तिसरा अजून थेंबातच आहे.
जाता जाता एकदा पाहिला, झाकण लावलं.
नायट्रोजन बुधवारी येतो.