पायासारखा पाय

जिनिंगच्या फाटकासमोर माझी टिनाची खोली.
आत एक खाट, प्लायवूडची, मीच ठोकलेली.
चादरी दोन: एक अंगाखाली, एक दोरीवर.
जवसाचं तेल, थंडीसाठी मोहाच्या टोळीचं,
आणि भिंतीवर वर्ध्याचं प्रमाणपत्र,
ज्याच्या काचेत बघून हमाल भांग पाडतात.

त्याच्याखाली नियम आहेत, बारीक अक्षरात.
कोणी वाचत नाही. वाचले तर हसतात.
स्पर्शापूर्वी संमती घ्यावी.
"काऊन बे दिवाकर, मालिश करतो का सोयरीक जुळवतो?"

तरी मी विचारतो. खांद्यावरून पाठीवर उतरताना
पुन्हा विचारतो.
दिवसभर रुईच्या गाठी ढकलणारा माणूस
गोंधळतो जरा;
त्याला त्याच्या अंगाबद्दल कोणी कधी विचारलेलंच नसतं.
मग हळूच म्हणतो, "हाव. पण डाव्या बाजूनं नको."
डाव्या बाजूला काय आहे ते मला दिसतं.
ते या खोलीतच राहतं.

मुकादम आला होता एकदा, पान चघळत.
"शंभर जास्त घे, पण खरं सांग,
त्या पोट्ट्याची कंबर दुखते का नाटक करते?"
मी म्हटलं, साहेब, झोपा खाटेवर,
तुमची कंबर सांगतो तुम्हाला.
आठ दिवस त्यानं एकही माणूस इकडे फिरकू दिला नाही.
त्या आठ दिवसांचं तेल सुगंधानं भाजीला वापरलं.

(बायका आल्या की सुगंधा बघते. तीही शिकून आली.
तेव्हा मी बाहेर नळावर, चादर आपटत असतो.)

चिंचाळकर बाई वर्गात अर्धा तास नखंच तपासायच्या.
म्हणायच्या, दाबणं काय, कणीक मळणाऱ्यालाही येतं.
हात कधी ठेवायचा नाही हे कळेल
त्या दिवशी तू पास.
मला वाटायचं, बाई कागदापुरतं बोलतात.

मग पोळ्याच्या करीच्या दिवशी एक गुरुजी आले.
नाव सांगत नाही. शाळाही नाही.
एवढंच, की पाढा चुकला म्हणून
माझ्या याच तळहातावर त्यांनी बेशरमीची काडी मोडली होती.
नागपूरला खुब्याचं ऑपरेशन, महिनाभर अंथरुणात,
आता ऑटोतून उतरले, काठी टेकत.
धोतर वर केलं.
एक पोटरी पोटरीसारखी.
दुसरी तट्ट, तांबूस,
विचारून बोट टेकवलं तर भाजल्यासारखी ऊन.

हात उचलला मी.
"गुरुजी, याले मालिश नाही."
"पैसे देतो ना बाप्पा."
"पैशाचं नाही. रक्ताची गाठ असंल आत.
चोळली तर सुटंल, वर छातीत जाईल. आत्ताच दवाखान्यात चला."
"तू डॉक्टर आहेस काय?"
"नाही, गुरुजी. म्हणूनच."

ते चिडले. मास्तर चिडतात तसे, सगळ्यांदेखत.
दुप्पट घे म्हणाले. मग हात जोडले त्यांनी,
आणि ते मला काडीपेक्षा जड गेलं.
पलीकडच्या गल्लीत एक जण आहे, तो नाही म्हणत नाही.
ऑटो तिकडे वळू नये म्हणून
मी पुढच्या सीटवर बसलो, चप्पल न घालता,
सेवाग्रामपर्यंत.

त्या दिवशी धंदा शून्य. ऑटोभाडं माझं.

दिवाळीनंतर चहाच्या टपरीवर कोणी विचारलं,
"कोणाचा पाय होता बे तो? कसा होता?"
मी म्हटलं, पायासारखा होता.
बाजूच्या बाकावर
एक म्हातारा बशीतला चहा फुंकत होता.
त्यानं मान वर केली नाही.
माझ्या चहाचे पैसे मात्र
आधीच कोणीतरी दिले होते.