खर्ज

कीथ सडबीला पुरून आलो
आणि क्लबाच्या मागच्या खोलीत
हॅमची सँडविचं खात बसलो तिघं:
नॉर्मन ऑम्ब्लर, मॉरीन स्टॅथर्स आणि मी.
तिघंही बेसवाले.
तिघंही कीथच्या ड्रमशेजारी
एकमेकांच्या जागी उभे राहिलेले.
म्हणजे सवतीच म्हणा.

खिडकीतून हलची गोदी दिसत होती.
बोटी गेल्या, मासळीचा वास राहिलाय.

बोलणं कीथवर टिकेना. वळलंच
जिकडे म्हाताऱ्या बेसवाल्यांचं वळतं तिकडे.

नॉर्मन म्हणाला, पहिला बेस मीच केला,
शाळेत, सुतारकामाच्या तासाला,
बापाच्या ट्रॉलरवरच्या झोपायच्या फळीतून.
पडदे अंदाजानं ठोकलेले.
पाचव्याच्या पुढे सगळं बेसूर,
म्हणून पाचव्याच्या पुढे गेलोच नाही कधी.
लोक म्हणायचे, काय संयम आहे पोराचा!

मॉरीनचा हप्त्यांवर घेतलेला, लालभडक.
ती फिश फिंगरच्या कारखान्यात.
दुकानदार म्हणाला, जामिनाला पुरुषाची सही लागेल.
भावाची सही तिनंच ठोकली,
त्याच्यापेक्षा बरी आली म्हणे.
शनिवारी रात्री तारांनी बोटांना फोड,
सोमवारी त्याच बोटांनी बर्फातला कॉड.
तिनं बोटं पुढे केली.
आता काही दिसत नव्हतं.
आम्ही तरी वाकून बघितली.

मग अ‍ॅम्प.
वाद्यावर माणूस प्रेम करतो,
अ‍ॅम्प नुसता वाहतो.

नॉर्मनचा राखाडी होता,
चर्चच्या तळघरातून एकट्यानं वर आणायचा.
मॉरीनचाही राखाडी.
माइकला ओठ लागले की झटका द्यायचा,
म्हणून ती गोदीतले रबरी बूट घालून वाजवायची.
महिन्याभरात पुढच्या रांगेतल्या चार पोरी
तसलेच बूट घालून आल्या.

मी म्हणालो, माझ्याची मूठच तुटलेली,
तिथे जहाजाचा दोर बांधलेला.

नॉर्मनचं सँडविच हवेत थांबलं.
निळा दोर?
निळा.
ती गाठ माझी आहे. त्रेसष्ट सालची.

आणि वरती सिगरेटचा चटका, मॉरीन म्हणाली,
डाव्या कोपऱ्यात?
तो माझा.

हिशोब लागायला एक किटली चहा लागला.
कीथनं तो नॉर्मनला विकला अठरा पौंडांना,
बँडमधून काढताना परत घेतला दहाला.
मॉरीनला वीस, परत आठ.
मला पंचवीस. ‘नवाच समज,
एका बाईनं घरातल्या घरात वापरलेला.’
मी तर परत देताना त्याला बिअरही पाजली होती.

मॉरीन इतकी हसली
की पाद्रीबाबा वळून बघायला लागले.
चौदा वर्षं आम्ही ज्याच्या ठेक्याला धरून चाललो
तो माणूस एका हातानं हे करत होता
आणि ठेका एकदाही चुकला नाही.

जीन आली, काळ्या कपड्यांत, हातात किटली.
त्याच्यावरच हसताय ना, म्हणाली.
गॅरेजात तुमचंच काहीतरी पडलंय,
गाडी आत घेता येत नाही मला.

तोच होता.
तिघांनी मिळून उचलला,
आणि तिघांनाही जरा लाज वाटली.
वायर लावली. दिवा बराच वेळ विचार करत राहिला,
मग आतल्या काचेच्या नळ्या नारिंगी झाल्या
आणि घरघर सुरू झाली,
खर्जातली, जमिनीतून पायात चढणारी.
जी, मॉरीन म्हणाली. थोडासा चढा.
विजेचाच सूर तो.
आयुष्यभर आम्ही त्याच्यावर बोलत आलो.

बेस कुणीच आणला नव्हता.
आम्ही उभे राहिलो, नुसते.

बिघडलाय का? जीननं दारातून विचारलं.
नाही, नॉर्मन म्हणाला, हा असाच असतो.

मॉरीननं पर्स उघडली.
बोल जीन, किती घेशील?

जीननं किटली खाली ठेवली.
कीथ सांगून गेलाय, म्हणाली,
तिसाच्या खाली देऊ नकोस.