आवक-जावक

सकाळी साडेआठला उल्हास फाटकापाशी उभा.
शर्टाचं वरचं बटण लावलेलं, डबा पोटाशी धरलेला,
डब्यात दोन पोळ्या आणि दोडक्याची बिनतिखटाची भाजी.
वय त्रेपन्न.
गाडी यायची थांबली, त्याला आज अकरा आठवडे.

केंद्र सुरू आहे. गाडी बंद आहे.
हे आम्हाला महापालिकेनं सांगितलं नाही,
रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं,
त्याला गाडीच्याच ड्रायव्हरनं,
जो आता कचऱ्याच्या गाडीवर असतो.

"सूचना लावली होती की फलकावर."
कुठल्या?
"केंद्रातल्या."
म्हणजे गाडीत बसून केंद्रात गेलो असतो
तर कळलं असतं की गाडी येणार नाही.
खिडकीतल्या बाई हसल्या नाहीत. मीही नाही.

बिबवेवाडीचं क्षेत्रीय कार्यालय, दुसरा मजला.
लिफ्ट आहे, लिफ्टला कुलूप आहे.
समाज विकास म्हणतं, हे वाहन विभागाचं.
वाहन विभाग म्हणतो, ठेकेदाराचं.
ठेकेदाराचा फोन एक लहान मुलगी उचलते
आणि सांगते, पप्पा आंघोळीला गेलेत.
अकरा आठवडे माणूस आंघोळ करतोय.

आवकच्या टेबलाशी कायम रांग.
शिक्का, तारीख, क्रमांक सात हजार एकशे चार.
पोच हातात आली की जिना उतरेपर्यंत वाटतं,
काहीतरी झालं.
शेजारीच जावक.
तिथल्या खुर्चीवर कुणाचं तरी हेल्मेट बसलेलं असतं.

वसंतानं ग्रुप काढलाय, 'उल्हास पत्रव्यवहार'.
बाणेरहून तो 'सविनय' खोडून 'सखेद' लिहितो,
वहिनी म्हणते सखेद नको, चिडतील उगाच,
ओजस अ‍ॅपवर तक्रार टाकतो, रिकाम्या फाटकाच्या फोटोसकट,
आणि रात्री पावणेबाराला उत्तर येतं:
आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.
कृपया अभिप्राय द्या. एक ते पाच तारे.

मग एकदा पत्र आलं. खरंखुरं, पाकिटातलं.
श्रीमती इंदुमती ढमढेरे यांस,
आपल्या पाल्याच्या संदर्भात कळविण्यात येते की.
आई जाऊन सहा वर्षं झाली.
दाखला त्याच इमारतीतून घेतलाय, तळमजला, तीन प्रती.
उल्हासचं नाव कुठेच नाही, 'सदर लाभार्थी' आहे.
सदर लाभार्थ्यानं पाकीट घेतलं,
निळा शिक्का अंगठ्यानं घासून पाहिला, वास घेतला,
आणि जपून डब्याच्या पिशवीत ठेवून दिलं.

आपली तक्रार संबंधितांकडे वर्ग करण्यात आली आहे, असं होतं त्यात.
मला इतके दिवस वाटायचं
संबंधित म्हणजे आम्ही.

पण एक तक्रार माझ्यावरही आहे.
तिला आवक क्रमांक नाही.
साडेनऊला उल्हास फाटकावरून आत येतो,
विचारतो, "गाडी?"
आणि मी कणीक मळता मळता, वर न बघता म्हणते,
बघू. येईल. विचारलंय.
हुबेहूब खिडकीतल्या बाईंच्या आवाजात.
अकरा आठवडे.

आज हात धुतले.
बाहेर जाऊन पायरीवर बसले त्याच्याजवळ.
म्हटलं, उल्हास, गाडी बंद झाली.
परत कधी सुरू होईल, मला माहीत नाही.
आधीच सांगायला हवं होतं.

तो बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला.
कचऱ्याची गाडी गेली, ड्रायव्हरनं हात केला,
यानंही केला.
मग डबा उघडला,
एक पोळी माझ्या हातावर ठेवली, एक स्वतः घेतली,
घास खाल्ला, थांबला,
आणि माझ्याकडे वळून नीट, स्पष्ट म्हणाला,
"मीठ नाही."